उभी बाटली, आडवी बाटली

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित अंश)

मी कोरेगावचा. हायस्कुलात तेहतीस वर्षं विज्ञान शिकवलं, आता निवृत्त आहे. आज बोलायचं आहे ते बाटल्यांविषयी. रिकाम्या बाटल्या, भरलेल्या बाटल्या आणि त्या घरात कशा ठेवायच्या, एवढाच विषय. ऐकून कुणाला हसू येईल. आमच्या कोठीच्या खोलीत तो प्रकार घडेपर्यंत मलाही आलं असतं.

सुरुवात एका खोक्यापासून झाली. माझा पुतण्या अकरा वर्षं इंग्लंडात, लीड्सला नोकरीला होता. दादा गेले, घरी वहिनी एकट्या राहिल्या आणि चार एकर आल्याचं रान वाट्याने देऊन देऊन कंदकुजीने खाल्लं. तेव्हा पोरगा सगळं आवरून परत आला. आमची घरं एकाच वाड्यात, भिंतीला भिंत लागून. त्याचं सामान जहाजाने दोन-अडीच महिन्यांनी मागून आलं. पुस्तकं, गरम कपडे, एक सायकल आणि हे खोकं.

खोक्यात एक मोठी पांढरी झाकणाची बादली होती, पंचवीस लिटरची. झाकणाला मधोमध भोक. लांब मऊ नळी, काचेचा एक मापक, बाटल्या धुवायचे लांब दांड्याचे ब्रश, दोन मुठींचं एक लोखंडी हत्यार आणि पिशवीभर पत्र्याची बुचं. सोड्याच्या बाटलीला असतात ती, ज्यांना आम्ही लहानपणी बिल्ले म्हणायचो. शिवाय प्लॅस्टिकची एक वेडीवाकडी नळकांडी.

वहिनींनी सगळं एकवार पाहिलं आणि मला हाक मारली. "भावजी, ह्ये काय आणलंय ह्यानं?"

मी पुतण्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "काका, तिकडं मी घरी बिअर करायचो. सगळेच करतात."

वहिनी काही बोलल्या नाहीत. पदर खोचून आत गेल्या. त्यांच्या माहेरी दारूने काय केलं ते मी इथे सांगणार नाही. एवढं सांगतो, की त्यांच्या माहेरच्या गावी दुकान बंद करायचं की नाही यावर मतदान झालं, तेव्हा त्या तीन दिवस तिथे राहून घरोघर फिरल्या होत्या. आपल्या जिल्ह्यातल्या श्रोत्यांना ते मतदान समजावून सांगायला नको. मतपत्रिकेवर दोन चित्रं, एक उभी बाटली आणि एक आडवी. आडवीवर शिक्का म्हणजे दुकान बंद, आणि त्यासाठी गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी तसं मत द्यावं लागतं. तर अशा बाईच्या घरात हे खोकं आलं होतं.

मुलाची बाजूही सांगितली पाहिजे. इंग्लंडात घरापुरती बिअर करायला १९६३ पासून परवाना लागत नाही. अमेरिकेत अध्यक्ष कार्टर यांनी १९७८ साली तशा कायद्यावर सही केली. तिकडे हा एक छंद आहे, आपल्याकडे कुणी बागेचा करतो तसा. रविवारी मोड आणून वाळवलेल्या जवाचं पाणी उकळायचं, त्यात हॉप्स नावाच्या वेलाची कडवट फुलं घालायची, गार झालं की यीस्ट घालून बादली बंद करायची. यीस्ट म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकातलं किण्व. ते साखर खातं आणि तिचं जवळजवळ निम्मं निम्मं अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करतं. पाश्चरने १८५०च्या दशकाच्या अखेरीस हे काम जिवंत पेशींचं आहे असं दाखवायला सुरुवात केली आणि पुढे १८७६ मध्ये बिअरवर अख्खा ग्रंथ लिहिला. ती वेडीवाकडी नळकांडी म्हणजे पाण्याचा सापळा. तो झाकणाच्या भोकात बसवला, की आतला वायू बुडबुडे काढत बाहेर जातो, पण बाहेरची हवा आत येत नाही. वर्गात मला असं साधन मिळालं असतं तर मी फळ्यावर चित्रं काढत बसलो नसतो.

पण कोरेगाव म्हणजे लीड्स नव्हे. आपल्या राज्यात १९४९चा दारूबंदी कायदा आहे. पूर्वी तो मुंबई दारूबंदी कायदा होता, आता महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणतात. पुण्यात २००९ पासून हॉटेलाला जोडून छोट्या ब्रुअरी निघाल्या, पण त्या रीतसर परवाना घेऊन. घरी करायला परवानगी नाही. मी त्या कायद्याचं कलम ६५ काढून पुतण्याला वाचायला दिलं. बेकायदा दारू करणं हा तर गुन्हा आहेच, पण ती करण्याच्या हेतूने साहित्य, भांडी, उपकरणं वापरणं किंवा जवळ बाळगणं हाही गुन्हा आहे.

त्याने दोनदा वाचलं. म्हणाला, "म्हणजे बादलीसुद्धा?"

"बादली बादलीच आहे," मी म्हटलं. "तिच्यात तू काय करायचं ठरवतोस, त्यावर आहे."

त्याने बिअरचा विचार सोडला. तसं त्याने आईला सांगितलंही. पण खोकं टाकवेना. तेवढ्यात आल्याचा भाव पडला.

आमच्या भागात आल्याचा भाव गाडीवर बोलतात. गाडी म्हणजे पाचशे किलो. दहा हजारांच्या आसपास घुटमळणारी गाडी २०२३ मध्ये पन्नास हजारांच्या पलीकडे गेलेली आम्ही पाहिली आणि ती परत खाली आलेलीही पाहिली. अक्षय्यतृतीयेच्या सुमारास बेणं लावायचं, आठ-नऊ महिने जोपासायचं, आणि भाव नसेल तर जमिनीतच राहू द्यायचं, कारण आलं जमिनीत टिकतं. पण किती दिवस? दुसरा पावसाळा लागला की कूज. पुन्हा नवं आलं वेगळं, जुनं आलं वेगळं, असे व्यापाऱ्यांचे दोन भाव. त्या वर्षी आमच्या गाडीला जे मिळालं त्यात बेण्याचे पैसेही सुटले नाहीत.

तेव्हा पुतण्या म्हणाला, "काका, जिंजर बिअर."

नुसतं नाव ऐकून वहिनींनी ताटावरून मान वर केली. मग त्याने समजावलं, की हे नावच तेवढं बिअरचं. आलं, साखर, लिंबू आणि पाणी, थोडं आंबवून फसफसतं केलेलं सरबत. इंग्लंडात अठराव्या शतकापासून हे पेय आहे, चिनी मातीच्या बाटल्यांत भरून विकायचे. लोक त्याचं विरजण शेजाऱ्यापाजाऱ्यांना द्यायचे, दह्याचं देतात तसं. मार्शल वॉर्ड नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८९२ साली त्या विरजणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात एक किण्व आणि एक जिवाणू एकमेकांच्या आधाराने राहतात असं त्याने दाखवलं. हे ऐकून मीच हरखलो. मास्तराला असं काही सांगितलं, की तो पाघळतो. मी वहिनींना म्हटलं, "वहिनी, हे ताकासारखं आहे. करू द्या."

हे वाक्य मी बोललो होतो, हे लक्षात असू द्या.

विरजण त्याने बरणीत केलं. आल्याचा सालीसकट कीस, साखर, पाणी, वर फडकं. रोज चमचाभर आलं आणि चमचाभर साखर घालायची. सालीवरच किण्व असतं. आमच्याकडच्या उन्हाळ्यात चौथ्या दिवशी बरणी खदखदायला लागली. मग प्रश्न आला बाटल्यांचा. पुतण्या भंगारवाल्याकडून दोन पोती बाटल्या घेऊन आला. मजबूत म्हणून बिअरच्याच, तपकिरी, साडेसहाशे मिलिलिटरच्या. ती पोती खणखणत गल्लीतून आली तेव्हा समोरचे आबा ओट्यावर बसले होते. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि संध्याकाळपर्यंत निम्म्या पेठेला बातमी होती. वहिनी आठ दिवस महिला मंडळाच्या भिशीला गेल्या नाहीत.

बाटल्या कमी पडल्या म्हणून त्याने भंगारातूनच काही पांढऱ्या, चपट्या, पातळ काचेच्या बाटल्याही घेतल्या होत्या. हेही लक्षात असू द्या.

पहिला घाणा सहा बाटल्यांचा. भरून बुचं दाबली, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फ्रिजमध्ये, तिसऱ्या दिवशी आम्ही प्यायलो. काय सांगू! सातारी आल्याचा झणका, लिंबाचा आंबटपणा आणि नाकात जाणारा वायू. गोटी सोड्याची आठवण झाली. आमच्या लहानपणी एसटी स्टँडवर अंगठ्याने गोटी दाबून सोडेवाला बाटली फोडायचा, फट्ट! ती बाटली हायरम कॉड नावाच्या इंग्रजाने १८७०च्या दशकात काढलेली. तिला बूच नाही. आतल्या वायूचाच दाब गोटीला मानेतल्या रबरी कड्यावर घट्ट धरून ठेवतो. बाटलीतला दाब ही केवढी ताकद आहे, हे त्या गोटीने आम्हाला रोज दाखवलं होतं. आम्ही फक्त सोडा प्यायलो.

दुसरा घाणा चोवीस बाटल्यांचा. फ्रिजमध्ये वहिनींचं दूध, ताक, भाजी. चोवीस बाटल्यांना जागा कुठली? पुतण्याने लीड्समध्ये बिअर जशी ठेवायचा तसंच केलं. बाटल्या उभ्या, अंधाऱ्या खोलीत, उजेड आणि ऊन लागणार नाही अशा, दोन आठवडे. कोठीच्या खोलीत घेवड्याच्या पोत्यांमागे क्रेट लावून टाकले. महिना मे.

नवव्या रात्री अकराच्या सुमारास आवाज झाला. आधी एक, मग लागोपाठ तीन-चार. मला वाटलं, ट्रान्सफॉर्मर गेला. धावत गेलो तर कोठीच्या दारातून पांढरा फेस उंबऱ्यावर येत होता. आल्याचा वास सगळ्या वाड्यात. दिव्याच्या उजेडात पाहिलं, समोरच्या मातीच्या भिंतीत काचेचा बोटभर तुकडा रुतला होता, साधारण माणसाच्या छातीच्या उंचीवर. घेवड्याची दोन पोती फाटली होती. आणि वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, हातात पीठ घ्यायची डिचकी. त्या पीठ काढायला निघालेल्या, आणि दूध उतू जाईल म्हणून मागे फिरलेल्या.

कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण त्या रात्री कुणी झोपलं नाही.

उरलेल्या बाटल्यांचं काय करायचं हा पुढचा प्रश्न. अशा वेळी बाटली उचलायला जायचं नाही, हे आधी सांगतो. एक फुटली की शेजारची फुटते. आम्ही दारातूनच जाड वाकळा भिजवून क्रेटवर टाकल्या आणि दार लावून घेतलं. पहाटे जरा गारवा आल्यावर पुतण्या डोक्याला हेल्मेट, त्याची काच खाली ओढलेली, अंगात लीड्सचं जाड जाकीट, हातात चामड्याचे मोजे, असा आत गेला. वाकळेखाली हात घालून एकेक बूच हळूच सैल केलं. सुस्स आवाज करत फेस छताला. सतरा बाटल्या अशा मोकळ्या केल्या. फुटलेल्या सातांपैकी पाच त्या चपट्या पांढऱ्या होत्या. चपट्या बाटलीच्या सपाट बाजूवर दाब आला की ती फुगू पाहते, आणि काच फुगत नाही. गोल, जाड बाटली तोच दाब सगळीकडे वाटून घेते. पण दोन गोलही फुटल्याच होत्या.

सकाळी मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. जे आधी करायला हवं होतं ते तेव्हा केलं.

बिअरची गोष्ट अशी आहे. ती बादलीत दोन-तीन आठवडे राहते. किण्वाला खाता येण्यासारखी साखर जवळजवळ सगळी तिथेच संपते आणि तिचा वायू सापळ्यातून निघून जातो. संपली की नाही ते काचेच्या मापकाने, म्हणजे हायड्रोमीटरने पाहायचं. डेअरीत दुधाला लॅक्टोमीटर लावतात, त्याचाच हा भाऊ. साखर जास्त तर मापक वर तरंगतो, साखर संपत गेली की खाली जातो. दोन-तीन दिवस तोच आकडा आला, की भरायचं. आणि भरताना फेसापुरती साखर मोजून घालायची, लिटरला सहा-सात ग्रॅम. त्यातून दीड-पावणेदोन लिटर वायू होतो. त्या बाटलीत मोटारीच्या टायरमध्ये असतो साधारण तितका दाब तयार होतो आणि तिथेच थांबतो, कारण खायला काही उरलेलं नसतं. म्हणून ती बाटली महिनोन् महिने अंधाऱ्या कपाटात सुखाने उभी राहते.

आमचं पेय गोड होतं. गोड हवंच होतं, नाहीतर ते पिणार कोण? लिटरला ऐंशी ग्रॅम साखर. ती सगळी किण्वाने खाल्ली असती तर लिटरभर पेयातून वीस लिटरहून जास्त वायू निघाला असता. बाटलीला जायला वाट नाही. म्हणजे बिअर ठेवण्याचा जो बरोबर नियम, तोच आल्याच्या पेयाला लावला की बाँब. या पेयाला कुलूप एकच, थंडी. तीही किण्वाला झोपवते, मारत नाही. पुतण्या अकरा वर्षं बाटल्या भरत होता, मी तेहतीस वर्षं हे समीकरण शिकवत होतो, आणि दोघांच्याही डोक्यात हा साधा फरक आला नाही.

हिशेब इथे थांबला असता तर बरं झालं असतं. पण समीकरणाच्या उजव्या बाजूला दोन गोष्टी असतात. वायू जितका, जवळजवळ तितकंच अल्कोहोल. ऐंशी ग्रॅम साखर पुरती आंबली तर पेयात अल्कोहोल पाच टक्क्यांच्या घरात जातं. म्हणजे बिअर. नावाची नव्हे, खरीच. त्या नऊ दिवसांत आमच्या कोठीत सरबताची दारू होत चालली होती. कुणी केली नाही. नुसती ठेवली म्हणून होत होती.

मग मी फ्रिजमधल्या पहिल्या सहा बाटल्यांचाही हिशेब केला. नाकात झणका बसेल इतका वायू हवा, तर लिटरला अकरा-बारा ग्रॅम साखर आंबावी लागते. अल्कोहोल पाऊण टक्क्याच्या आसपास. अन्नसुरक्षेच्या नियमांत अर्ध्या टक्क्याहून जास्त ते मद्य. आणि राज्याच्या कायद्यातली दारूची व्याख्या तर त्याहून रुंद आहे, अल्कोहोल असलेला द्रव तिच्यात येतो. पाऊण टक्क्याने कुणी झिंगत नाही, खरं आहे. पण "हे ताकासारखं आहे" असं मी ज्यांना सांगितलं होतं, त्या बाई समोर बसून घेवडा निवडत काचा वेचत होत्या.

मी वहिनींना हिशेब सांगितला. सगळा. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "म्हंजे मला वाटत हुतं त्येच हुतं."

"हो," मी म्हटलं.

"मग ताकासारखं का म्हनला?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

आता पुढचा भाग, आणि श्रोतेहो, माझ्या मते हाच जास्त महत्त्वाचा. खोकं माळ्यावर टाकायचं ठरलं. पण रिकाम्या बाटल्या चाळीसेक उरल्या होत्या. त्या कोठीच्या बाहेर पोत्यात पडून होत्या. एक दिवस रानातला गडी त्यातली एक घेऊन गेला आणि कीटकनाशक उरलं होतं ते तिच्यात ओतून, कागदाचा बोळा लावून, परत गोठ्याच्या फळीवर आणून ठेवलं. तपकिरी बाटली, आत दुधट पाणी. वहिनींनी ती पाहिली. आमच्या आल्याच्या बाटल्यांसारखीच. शेजारची पोरं गोठ्यात लपाछपी खेळतात.

शेतकऱ्याच्या घरात हे नवीन नाही. थंड पेयाच्या बाटलीत रॉकेल, दारूच्या बाटलीत औषध, सरबताच्या बाटलीत फिनेल. अशा चुकीने प्यायलेल्या घोटाची बातमी तुम्हीही वाचलेली आहे. औषध मूळ डब्यातच ठेवायचं, मूळ लेबलासकट, कुलुपात. ज्या बाटलीत एकदा औषध गेलं ती फोडून टाकायची, धुऊन कशालाही वापरायची नाही. आणि खाण्यापिण्याच्या रिकाम्या बाटल्या उघड्यावर ठेवायच्या नाहीत, कारण रिकामी बाटली कुणीतरी भरतोच.

त्या दिवशी वहिनींनी बाटल्यांचा कारभार हातात घेतला. लोणच्याच्या बरण्या सांभाळलेल्या बाईला बाटली सांभाळणं काय शिकवायचं! पुतण्याला लीड्समधले सगळे नियम माहीत होते, पण ते का, हे वहिनींना जास्त माहीत होतं. बाटली रिकामी झाली की तेव्हाच तीन पाण्याने खळबळायची. तळाचा गाळ वाळला की ब्रशही हरतो. जुन्या भंगारच्या बाटल्या खायच्या सोड्याच्या कोमट पाण्यात रात्रभर. थंड बाटलीत उकळतं पाणी ओतायचं नाही, तडकते. मानेवर टवका उडालेली, तळाशी चरा असलेली बाटली बाजूला, दया करायची नाही. धुतली की उपडी करून पुरती निथळू द्यायची, मग स्वच्छ फडकं गुंडाळून क्रेटमध्ये उपडीच. बादली काथ्याने किंवा तारेच्या घासणीने घासायची नाही. प्लॅस्टिकवरच्या चऱ्यांत जंतू घर करतात आणि तिथून ते कशाने निघत नाहीत. मऊ फडकं पुरतं. ठेवताना झाकण सैल, नाहीतर कोंदट वास धरतो. त्या बादलीत लोणचं नाही, धुणं नाही, कारण प्लॅस्टिक वास विसरत नाही. नळी वेटोळं करून ठेवली तर आत पाणी राहतं आणि आठवड्यात काळी बुरशी. ती खिळ्याला सरळ टांगायची, दोन्ही तोंडं खाली. काचेचा मापक त्याच्या नळकांड्यात, कापूस घालून. पत्र्याची बुचं कोरड्या डब्यात, ओल लागली की गंजतात.

हे सगळं माळ्यावर टाकण्यासाठी नव्हतं, हे सांगायचं राहिलं. वहिनींनीच विचारलं होतं, "न आंबवता काही हुत न्हाई का ह्याचं?"

होतं. आल्याचा पाक. आलं धुऊन, मिक्सरला फिरवून, पिळून रस काढायचा आणि दोन-तीन तास ठेवायचा. तळाशी पांढरं सत्त्व बसतं. ते हलू न देता वरचा रस काढायला इंग्लंडची ती नळी अशी काही उपयोगाची आहे, की पळीने ओतण्याचा त्रास गेला. मग रस, लिंबू आणि पाणी मिळून किलोभर असेल तर साखर दोन किलो. म्हणजे पासष्ट टक्क्यांच्या वर. इतक्या साखरेत किण्वाचं काही चालत नाही. मोरावळा टिकतो त्याच न्यायाने. उकळून, गरम असतानाच, आधी गरम करून ठेवलेल्या बाटल्यांत भरायचा आणि त्या दोन मुठींच्या हत्याराने बूच दाबायचं. कट्ट. एका माणसाने तासात शंभर बाटल्या होतात.

आणि बूच लावलं की गरम बाटली पाच-दहा मिनिटं आडवी ठेवायची. आतला कढत पाक मानेला आणि बुचाच्या आतल्या अंगाला लागतो, तिथे काही जिवंत राहिलं असेल तर मरतं. मग उभी करून गार होऊ द्यायची. हे मी सांगितलं तेव्हा वहिनी पहिल्यांदा हसल्या. "घ्या," म्हणाल्या, "हितं बी आडवीच."

पाक विकायचा तर अन्नसुरक्षेची नोंदणी लागते. ती पुतण्याने केली. फार मोठा धंदा नाही. चार एकरांतल्या आल्याचा अगदी थोडा भाग त्यात जातो, बाकीचं अजूनही गाडीनेच जातं, मिळेल त्या भावाला. पण भाव पडलेल्या महिन्यात घरात थोडे पैसे येतात. उन्हाळ्यात लोक पाकात सोडा घालून घेतात. झणका तोच येतो, वायू सोडेवाल्याचा. समोरचे आबा रोज एक ग्लास घेतात आणि त्या दोन पोत्यांविषयी आता काही बोलत नाहीत.

प्रत्येक बाटलीवर लेबल आहे. आत काय, कधी भरलं. तारीख पुतण्या घालतो, तिथी वहिनी. कोठीत आता एकही बाटली नाही. त्यांना वेगळं कपाट आहे, पडवीत, हवेशीर, आणि त्याची किल्ली वहिनींच्या कमरेला. भिंतीतला काचेचा तुकडा काढला, पण त्याची खोबण त्यांनी लिंपू दिलेली नाही.

खोक्यातली एकच वस्तू वापरात नाही, तो पाण्याचा सापळा. टाकून दे म्हटलं तर पुतण्या "असू दे काका" म्हणतो. परवा कपाट आवरताना तो खालच्या कप्प्यात दिसला, धुतलेला, कोरडा, स्वच्छ पिशवीत. पिशवीवर लेबल होतं. अक्षर वहिनींचं. लिहिलं होतं, "रिकामं आहे."